गालापागोसला जायचंय? मग कामांचा क्रम चुकवू नका

गालापागोसबद्दल वाचून, फोटो बघून, पैसे साठवून निघालेली माणसं अडकतात ती विमानतळावर. कुणी चेक-इनच्या रांगेत तासभर उभं राहतं आणि काउंटरवर पोचल्यावर कळतं की सामान आधी तपासून सील करून आणायचं होतं. कुणी व्हिसा लागत नाही अशा जुन्या माहितीवर तिकीट काढून बसतं. कुणाची सहल झकास होते, पण परत आल्यावर मुंबईत पिवळ्या तापाचं कार्ड मागितलं की चेहरा पडतो. काय काय लागतं हे बहुतेकांना ठाऊक असतं. घोडं पेंड खातं ते क्रमापाशी, म्हणून हा लेख क्रमाचा आहे. डार्विन, फिंच पक्षी वगैरे इतरत्र भरपूर सापडेल.

एवढंच ध्यानात ठेवा: ही ज्वालामुखी बेटं इक्वेडोरची, पण मुख्य भूमीपासून सुमारे १,००० किलोमीटर लांब. जमिनीचा ९७ टक्के भाग राष्ट्रीय उद्यान आहे आणि भोवतालचा सुमारे १,३३,००० चौरस किलोमीटर समुद्र १९९८ पासून राखीव आहे. महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं कमी, एवढं हे पाणी. त्यामुळे इथे जाणं म्हणजे एका देशात शिरून, त्याच देशातल्या दुसऱ्या दारातून पुन्हा एकदा आत जाणं. कागद दोनदा, तपासणी दोनदा.

## पायरी १: आधी महिना ठरवा

तिकिटांचे भाव बघण्याआधी हे काम करा. विषुववृत्तावर आहे म्हणजे बारमाही उकाडा, हा समज चुकीचा. थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे इथे दोन अगदी वेगळे मोसम असतात.

डिसेंबर ते मे: ऊन, अधूनमधून जोरदार सर, समुद्र बराच शांत, पाणी उबदार. पोहायला घाबरणारे, लहान मुलं, बोट लागणारे यांनी हेच महिने धरावेत.

जून ते नोव्हेंबर: ढगाळ आकाश, भुरभुर पाऊस (तिथे त्याला ‘गारुआ’ म्हणतात), वारा, खवळलेला समुद्र आणि गार पाणी. याच थंड पाण्यातून खाद्य वर येतं, म्हणून समुद्री जीव या दिवसांत जास्त कार्यरत असतात. उत्तरेकडच्या डार्विन आणि वुल्फ बेटांजवळ व्हेल शार्क दिसण्याचा काळही हाच.

आपल्याकडची मंडळी बहुतेकदा दिवाळीची सुट्टी धरतात. माझं मत विचाराल तर कुटुंबासोबत असाल तेव्हा मुलांच्या परीक्षा संपल्यावर एप्रिल-मेमध्ये जा. एस्पान्योला बेटावरचे अल्बाट्रॉस पक्षी एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत तिथे असतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये शांत समुद्र आणि अल्बाट्रॉस दोन्ही साधतं.

## पायरी २: जहाजावर राहायचं की गावात

हा निर्णय व्हिसाच्या अर्जाआधी झाला पाहिजे, कारण पुढे प्रत्येक टेबलावर राहण्याचं बुकिंग मागतात.

वस्ती असलेली बेटं चारच: सांता क्रूझ, सान क्रिस्तोबाल, इसाबेला आणि चिमुकलं फ्लोरेआना. गावात हॉटेल घेऊन रोज सकाळी बोटीने सहलीला जायचं, हा स्वस्त मार्ग. त्यात नॉर्थ सेमूर, बार्तोलोमे, साउथ प्लाझा, एस्पान्योला ही बेटं एका दिवसात होऊ शकतात. फर्नांदिना आणि हेनोवेसा मात्र क्रूझवरूनच गाठावी लागतात. तिथले समुद्री इग्वाना आणि पक्षी पाहायचाच हट्ट असेल तर क्रूझ घ्या, नाहीतर गावात राहा. गावातली संध्याकाळ हीच मुळात एक सहल असते: धक्क्यावरच्या बाकावर समुद्रसिंह घोरत पडलेला असतो आणि माणसं उभी असतात.

क्रूझचा मार्ग उद्यानाच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो, मालकाच्या मर्जीने बदलत नाही. म्हणून ‘आठ दिवसांची क्रूझ’ एवढं ऐकून पैसे भरू नका, रोज कुठे उतरणार ती यादी मागवा.

तपासा: गावात राहणार असाल तर शेवटची रात्र कुठे आहे? विमान बाल्त्राहून (सांता क्रूझसाठीच्या विमानतळावरून) असेल तर ती सांता क्रूझवर हवी. इसाबेलावर झोपून सकाळी बाल्त्राचं विमान पकडायचा बेत करू नका. लांच (बेटांमध्ये ये-जा करणारी बोट) उशिरा निघाली की पुढचं सगळं कोसळतं.

## पायरी ३: व्हिसा आणि वाटेतला देश

भारतीय पासपोर्टवर इक्वेडोरला व्हिसाशिवाय जाता येत असे, ते ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालं. जुने लेख अजून फिरताहेत, त्यांच्यावर जाऊ नका. इक्वेडोरचा दूतावास दिल्लीत आहे. अर्ज तिथल्या ताज्या यादीप्रमाणे करा, अमेरिका-युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींनीही आपल्या रहिवासी परवान्यावर सूट मिळते का हे तिथूनच लेखी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट वाटेतल्या देशाची. मुंबईहून थेट विमान नाही. अ‍ॅमस्टरडॅम किंवा माद्रिदमार्गे किंवा अमेरिकेतून जावं लागतं. अमेरिकेत विमान बदलायचं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही तरीही. युरोपातले काही देश भारतीयांकडून ट्रान्झिट व्हिसा मागतात, काही मागत नाहीत, म्हणून स्वस्त तिकीट दिसताच बोट दाबू नका. आधी त्या विमानतळाचा नियम पाहा.

## पायरी ४: पिवळ्या तापाची लस

लोक ही पायरी हमखास विसरतात, कारण हिचा त्रास जाताना होत नाही. तो परत येताना होतो. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत इक्वेडोर आहे. तिथून येणाऱ्याकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. “आम्ही बेटांवरच होतो हो, जंगलात गेलोच नाही,” ही विनवणी तिथे चालत नाही.

लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तिथे वेळ घ्यावी लागते आणि पासपोर्ट न्यावा लागतो. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरलं जातं, मग आयुष्यभर चालतं. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले, गरोदर स्त्रिया, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे आणि ६० च्या पुढचे यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर हे काम तिकिटाच्या आधी करा, नंतर नको.

तपासा: प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेवरचं नाव पासपोर्टशी अक्षरश: जुळतं का? केंद्राचा शिक्का आणि लसीचा बॅच क्रमांक आहे का? घरी पोचून पाहू नका, केंद्रातच पाहा.

## पायरी ५: तिकिटं

क्रम असा: आधी गालापागोसचं देशांतर्गत विमान, मग त्याला जुळणारं मुंबईचं. मुख्य भूमीवरून विमानं उतरतात असे विमानतळ बेटांवर दोन: बाल्त्रा (सांता क्रूझसाठी) आणि सान क्रिस्तोबाल. जाताना एक आणि येताना दुसरा असं तिकीट काढलं तर एक लांचप्रवास वाचतो.

बेटांवरची विमानं बहुतेक सकाळी सुटतात, म्हणून मुख्य भूमीवर एक मुक्काम करावाच लागतो. क्वितो की ग्वायाकिल? क्वितो सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे. तीस तासांच्या प्रवासानंतर तिथे डोकं जड होणं, जिना चढताना दम लागणं साहजिक आहे. ग्वायाकिल समुद्रसपाटीला आहे आणि क्वितोहून निघालेली बरीच विमानं तिथेच थांबून पुढे जातात. पण ग्वायाकिल शहर सध्या सुरक्षित म्हणावं असं नाही. तिथे राहिलात तर विमानतळाजवळच राहा आणि रात्री भटकू नका.

सावध: विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर गालापागोसच्या रहिवाशांसाठी वेगळे स्वस्त दर दिसतात. ते तुमच्यासाठी नाहीत. चुकून घेतलेत तर काउंटरवर फरक भरावा लागतो.

## पायरी ६: बॅग भरणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. या बेटांना शिकाऱ्यांइतकाच धोका बाहेरून आलेल्या बियांचा आणि किड्यांचा आहे. आपला पेरू तिथे तण आहे: माणसाने नेला, पक्ष्या-प्राण्यांनी बिया पसरवल्या आणि डोंगरउतारांवर त्याचं रान माजलं. म्हणून तुमच्या बॅगेतली मूठभर मेथीही त्यांना मूठभर वाटत नाही.

घरातून निघताना काय काढून ठेवायचं:

- ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, लिंबू, आलं.
- मोड येऊ शकेल असं काहीही: कच्च्या डाळी, जिरं, मोहरी, मेथीदाणे, शेंगदाणे, तांदूळ.
- घरगुती दुधाचे पदार्थ, तूप, मांस, सुकी मासळी.
- फुलं, तुळस, नारळ, बिया ओवलेली माळ.

शेवटच्या ओळीवर हसू नका. आमच्या गटातल्या एका काकूंच्या पर्सच्या आतल्या कप्प्यातून लग्नातल्या अक्षता आणि एक सुपारी निघाली. वर्षभर तशीच पडली होती, त्यांना आठवतही नव्हती. ते सगळं काढून टाकण्यात गेली पंधरा मिनिटं आणि मागची रांग ताटकळली. पर्स, कॅमेऱ्याची बॅग, मुलांची सॅक एकदा उलटी करून झटका.

खाऊ न्यायचाच असेल तर कारखान्यात सीलबंद केलेलं, छापील लेबल असलेलं, आधीच शिजवलेलं आणि खायला तयार असं थोडकंच न्या आणि ते जाहीर करा. डब्यातला घरचा चिवडा तपासनीसाच्या हातात पडला की त्यातले शेंगदाणे, तीळ, कढीपत्ता एकेक करून समजावत बसावं लागतं, तेही स्पॅनिशमध्ये.

मग बूट. राजगड-हरिश्चंद्रगडचे ट्रेकचे बूट न्यायला हरकत नाही, पण तळव्याच्या खाचांत अडकलेली माती आणि गवताची कुसळं जुन्या टूथब्रशने काढा, धुवा, पूर्ण वाळवा. हेच स्नॉर्केलिंगच्या (नळीतून श्वास घेत पाण्यावर तरंगत खाली बघण्याच्या) सामानाला लागू.

न्यायचं ते असं: लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट (समुद्रात सनस्क्रीन कमी लागतं), दोरी असलेली टोपी, पुन्हा भरता येणारी पाण्याची बाटली, बोट लागण्याच्या गोळ्या, आणि चपट्या दोन पिनांचा अडॅप्टर. वीज १२० व्होल्टची आहे, म्हणून चार्जरवर १००-२४० लिहिलेलं आहे ना ते पाहा. ड्रोन घरीच ठेवा, पर्यटकांना तो उडवता येत नाही.

पैसे: इक्वेडोरमध्ये अमेरिकी डॉलरच चालतो. उद्यानाच्या प्रवेशासाठी प्रत्येकी २०० डॉलर रोख वेगळ्या पाकिटात ठेवा. बाकी रक्कम १, ५, १० आणि २० च्या नोटांत घ्या. शंभराची नोट छोटे दुकानदार घेत नाहीत. इसाबेलावर तर एटीएमच्या भरवशावर मुळीच जाऊ नका.

## पायरी ७: उड्डाणाचा दिवस

विमान सुटण्याच्या तीन तास आधी पोचा आणि पुढचा क्रम पाळा. हे चारही टप्पे मुख्य भूमीवरच्या विमानतळावरचे.

१. टीसीटी कार्ड. ‘तार्हेता दे कोंत्रोल दे त्रान्सितो’, म्हणजे बेटांवर तात्पुरतं राहण्याची परवानगी. दर माणशी २० डॉलर. ऑनलाइन नोंदणी आधी करून ठेवली तर काउंटरवर काम लवकर होतं. पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं. पर्यटकाला वर्षाकाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात.

२. सामानाची जैवसुरक्षा तपासणी. एबीजी या संस्थेचं काउंटर. काय नेतो आहोत याचं प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरून फोनमध्ये ठेवा. बॅग क्ष-किरणांतून जाते आणि तिला सील लागतं.

३. मगच चेक-इन. सील नसलेली बॅग विमान कंपनी घेत नाही. लोक सवयीने आधी याच रांगेत उभे राहतात.

४. सुरक्षा तपासणी. हातातलं सामान इथे पुन्हा पाहिलं जातं. विमानतळावर विकत घेतलेलं सफरचंद आत्ताच खाऊन टाका.

सावध: सील लागल्यावर बॅग उघडू नका. स्वेटर राहिला, औषध राहिलं, तर ते आधीच हातातल्या पिशवीत घ्या. सील तुटलं की पुन्हा दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात.

## पायरी ८: बेटावर उतरल्यावर

घड्याळ एक तास मागे घ्या. महाराष्ट्रात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा इथे सकाळचे साडेनऊ, घरी फोन करताना उपयोगी पडेल.

टीसीटी कार्ड दाखवायचं, प्रवेश शुल्क रोख भरायचं. १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांना २०० डॉलर आणि १२ वर्षांखालच्या मुलांना १०० डॉलर पडतात. जुन्या लेखांत याच्या निम्मे आकडे दिसतील. कार्डाचा परत मिळालेला भाग पासपोर्टमध्ये ठेवा, जाताना तो मागतात.

बाल्त्रावर उतरलात तर अजून सांता क्रूझवर पोचलेला नाहीत. विमानतळावरून बसने इताबाका खाडीपर्यंत, तिथून तरीने (छोट्या होडीने) पलीकडे, मग टॅक्सी किंवा बसने साधारण ४० किलोमीटर पुएर्तो आयोरा. तरीला एक डॉलर लागतो, सुटा ठेवा. या रस्त्यावरच डोंगरावर महाकाय कासवांची कुरणं लागतात. सामान टॅक्सीत ठेवून वाटेतच ती बघून घेता येतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायला नको.

## पायरी ९: जमिनीवर आणि पाण्यात

बहुतेक स्थळांवर उद्यानाचा परवाना असलेला गाइड लागतो, आणि एका गाइडमागे १६ हून अधिक माणसं नसतात. इसाबेलावरचा सिएरा नेग्रा ज्वालामुखी (तो २०१८ मध्ये फुटला होता) गाइडशिवाय चढता येत नाही. तोर्तुगा बेसारख्या काही जागा मात्र स्वतःहून जाण्यासारख्या आहेत. तिथे प्रवेशद्वारावर नाव नोंदवायचं, अडीच किलोमीटर चालायचं आणि संध्याकाळी बंद व्हायच्या आत परतायचं. तिथला पहिला किनारा सुंदर, पण लाटांची ओढ जबर. पोहायचं असेल तर पुढच्या शांत खाडीपर्यंत जा.

नियम थोडे आहेत, मोडले जातात मात्र ठरावीकच.

*दोन मीटर.* प्राण्यांपासून एवढं अंतर ठेवायचं. ते माणसाला भीत नाहीत, म्हणून हे अंतर राखणं तुमच्याच हातात असतं. समुद्रसिंहाचं पिल्लू जवळ आलं तर तुम्ही मागे सरका. हात लावलात आणि माणसाचा वास लागला तर आई त्याला ओळखण्यात गडबडू शकते. किनाऱ्यावर भुंकत फिरणारा मोठा नर आणि पाणी यांच्या मध्ये कधीही उभे राहू नका.

*फ्लॅश बंद.* फोनचाही. गटातल्या प्रत्येकाचा फोन बोटीत बसतानाच तपासा.

*खिसे रिकामे.* कोकणच्या किनाऱ्यावर शिंपले वेचायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. इथे शिंपला, वाळू, पोवळं, लाव्हाचा खडा, पीस, काहीच उचलायचं नाही. परतीच्या बॅगाही क्ष-किरणांतून जातात. मार्च २०२१ मध्ये बाल्त्रा विमानतळावर अशाच तपासणीत एका सुटकेसमधून कासवांची १८५ पिल्लं निघाली होती. त्यानंतर तिथले तपासनीस पर्यटकाचा खडाही हसण्यावारी नेतील असं वाटत नाही.

पाण्यात उतरताना प्रामाणिकपणे सांगा: पोहता येतं की नाही? ‘थोडंफार येतं’ हे विहिरीत किंवा सोसायटीच्या तलावात पुरतं. सान क्रिस्तोबालजवळच्या लिओन दोर्मिदो खडकापाशी पाणी खोल असतं आणि प्रवाहही असतो. लाइफ जॅकेट मागायला लाजू नका आणि पहिलं स्नॉर्केलिंग इसाबेलावरच्या कोंचा दे पेर्लासारख्या संथ जागी करा. जून ते नोव्हेंबरमध्ये वेटसूट न घेता उतरलात तर दहा मिनिटांत दात वाजतील.

डार्विन-वुल्फला डायव्हिंगसाठी जाणाऱ्यांना एकच सांगणं: ती बोटीवर राहून करायची सहल आहे, तिथे किनाऱ्यावर उतरता येत नाही. प्रवाह जोरदार असतात, ती नवशिक्यांची जागा नव्हे. शेवटची डाइव्ह आणि विमान यांत २४ तास मोकळे ठेवा.

## पायरी १०: बेटांमधली लांच

सांता क्रूझहून सान क्रिस्तोबाल किंवा इसाबेला, प्रत्येकी साधारण दोन तास. सकाळी एक फेरी, दुपारी एक. इसाबेला ते सान क्रिस्तोबाल जायचं तर सांता क्रूझवरून वळसा घालावा लागतो. अर्धा-पाऊण तास आधी धक्क्यावर जा, कारण इथेही बॅग तपासतात: एका बेटावरची फळं-बिया दुसऱ्या बेटावर नेणंही मना आहे. लांच धक्क्यापासून दूर उभी असते, तिच्यापर्यंत नेणाऱ्या होडीचे पैसे वेगळे. इसाबेलाच्या धक्क्यावर परदेशी पर्यटकाला १० डॉलर द्यावे लागतात.

बोट लागण्याची गोळी लांच निघण्याच्या तासभर आधी घ्या, उलटी आल्यावर घेतलेली पोटात राहत नाही. बसायला मागची जागा धरा. पुढे बसलं की प्रत्येक लाटेला बूड आपटतं.

## पोटाची सोय

शाकाहाऱ्यांनी ‘सिन कार्ने’ एवढंच म्हणू नये. तिथे कार्ने म्हणजे प्रामुख्याने लाल मांस, त्यामुळे ताटात कोंबडी येते आणि वाढणाऱ्याला काय चुकलं ते कळत नाही. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं तिन्ही म्हणा. ‘आरोस कोन मेनेस्त्रा’ मागवा: भात आणि मसूर किंवा घेवड्याची घट्ट उसळ. मांसाचा रस्सा घातलाय का ते मात्र विचारा. सोबत कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले तुकडे येतात. घरून नेलेल्या तिखटाची पुडी सीलबंद असेल तर इथे तिचं चीज होतं. नळाचं पाणी पिऊ नका, हॉटेलातल्या मोठ्या बाटलीतून आपली भरून घ्या.

## पायरी ११: परतीचा दिवस

पुएर्तो आयोराहून बाल्त्रापर्यंत टॅक्सी, तरी, बस धरून दीड तास लागू शकतो, म्हणून विमानाच्या साडेतीन तास आधी हॉटेल सोडा. हातात पासपोर्ट आणि टीसीटी कार्डाचा तो भाग ठेवा. काळ्या पोवळ्याचे दागिने कुणी विकत असेल तर घेऊ नका.

पिवळी पुस्तिका चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. मुंबईला इमिग्रेशनच्या आधीच आरोग्य विभागाचं टेबल लागतं आणि बॅग तेव्हा पट्ट्यावरही आलेली नसते.